फुलदाणीत निशिगंध की जरबेरा?

दर आठवड्याला घरात ताजी फुलं ठेवायची ठरवलं की फुलवाल्याकडे गाडी बहुतेक इथेच अडते. निशिगंधाच्या काड्या घ्याव्यात की जरबेराची गड्डी? मी दोन्ही वर्षानुवर्षं आणते आहे. माझा कौल निशिगंधाला, पण तो प्रत्येक घराला मानवेलच असं नाही.

निशिगंध दिवसा नुसता उभा असतो, दिवेलागणीनंतर मात्र त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. कळ्या खालून वर उमलत जातात, म्हणून खालच्या दोन-तीनच उमललेली काडी घ्यावी. पूर्ण फुललेली काडी घरी आणून फार दिवस पुरत नाही. रोज सकाळी खालची तपकिरी पडलेली फुलं चिमटीनं खुडायची आणि एक दिवसाआड दांडा बुडाशी तिरका कापायचा, की वरच्या कळ्या उमलत राहतात. यात सिंगल आणि डबल असे दोन प्रकार आहेत. कळ्यांवर गुलाबी छटा असलेला, भरगच्च फुलांचा डबल दिसायला देखणा, पण वासाला मंद, आणि त्याच्या वरच्या कळ्या पुष्कळदा न उमलताच सुकतात. सिंगल म्हणजे ज्याची सुटी फुलं हारात ओवतात तो. वासासाठी घेत असाल तर सिंगलच्याच काड्या मागा.

घरात कुणाला दमा असेल किंवा उग्र वासानं डोकं दुखत असेल, तर निशिगंध नको. बंद बेडरूममध्ये तर नकोच.

अशा घरांसाठी जरबेरा. वास अजिबात नाही, पण लाल, केशरी, पिवळा, गुलाबी असे रंग मनासारखे मिळतात. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधून येणारी गड्डी 10 फुलांची असते, म्हणजे दोन फुलदाण्या सहज होतात. त्याचं दुखणं एकच, मान. माझी पहिली गड्डी मी गळ्यापर्यंत भरलेल्या तांब्यात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी सगळी फुलं माना टाकून बसली. दांडा लवदार आणि मऊ असतो. तो खोल पाण्यात बुडला की सडतो, जंतूंनी आतल्या नळ्या तुंबतात आणि पाणी फुलापर्यंत चढतच नाही. त्याला दोन-तीन इंच पाणी पुरे, तेही एक दिवसाआड बदललेलं. एवढं केलं तर आठवडा निघतो.

भांडंही वेगवेगळं लागतं. निशिगंध उंच आणि वरून जड, त्यामुळे हलकी काचेची फुलदाणी कलंडते. पितळी किंवा मातीची, जड बुडाची घ्या आणि काडी तिच्या उंचीच्या साधारण दीडपट ठेवा. जरबेराला अरुंद तोंडाची बाटलीसुद्धा चालते. तीनच फुलं, तिन्ही कमी-जास्त उंचीची. फुलं खोचायचे हिरवे फ्लोरल फोमचे ठोकळे मात्र मी घेत नाही. ते प्लॅस्टिकच असतं, कुजत नाही. त्यापेक्षा एक पिनहोल्डर, म्हणजे दांडे खोचायची टोकदार खिळ्यांची जड चकती, घेऊन ठेवा, वर्षानुवर्षं टिकतो.

पानांसाठी फुलवाल्याकडचा ऍस्परॅगस दोन्हींबरोबर शोभतो, पण सुकला की बारीक पानांचा सडा पडतो. मनीप्लांटच्या वेली पाण्यातच मुळं धरतात आणि महिनोन्महिने हिरव्या राहतात, म्हणून मी त्या कायमच्या ठेवते आणि फुलं तेवढी बदलते. पाण्याखाली येणारी पानं आधी काढून टाका, नाहीतर पाणी लगेच वास मारतं. पिकलेले आंबे-केळी शेजारी ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या वायूनं फुलं लवकर कोमेजतात.

वेली कायमच्या असल्या तरी पाणी मात्र बदलायलाच हवं. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा फुलदाणी आतून घासायची.

गणपती-दिवाळीला भाव चढतात तेव्हा मी पूर्ण जुडी घेत नाही. सिंगल निशिगंधाच्या दोनच काड्या आणून मनीप्लांटमध्ये खोवते. हॉल वासानं भरायला तेवढ्या पुरतात.