गरम पदार्थ भरायला थर्माकोल, पीपीचा डबा, कागदी की स्टील?

जेवण पार्सल द्यायचं असो नाहीतर घरचा एखादा कार्यक्रम, डबे-कप कसले घ्यायचे हा प्रश्न येतोच, आणि थर्माकोल हलका, स्वस्त, गरम धरून ठेवणारा म्हणून पटकन उचलला जातो. माझं मत आधीच सांगते, गरम किंवा तेलकट काही भरणार असाल तर तो घेऊच नका.

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, त्यात ९५ टक्क्यांच्या वर नुसती हवाच असते. हे प्लास्टिक स्टायरीन नावाच्या रसायनापासून बनतं आणि बनताना थोडंसं स्टायरीन तसंच आत राहून जातं. पदार्थ जितका गरम, जितका तेलकट आणि जितका जास्त वेळ आत, तितकं ते जास्त अन्नात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सरवरच्या संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला २ए गटात टाकलं, म्हणजे त्याने माणसाला कॅन्सर होतो असं मानायला बऱ्यापैकी आधार आहे. पण हेही खरं की माणसांवरचा हा पुरावा मुख्यतः कारखान्यात रोज स्टायरीनची वाफ नाकातोंडात जाणाऱ्या कामगारांचा आहे, डब्यातून पोटात जातं ते त्यामानाने खूपच कमी, त्यामुळे कधीतरी अशा कपातून काही गरम प्यायलात तर घाबरू नका. रोजचीच सवय असेल तर मात्र जे सहज टाळता येतं ते टाळावं ना. शिवाय १०० अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडायला लागतं, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, आणि लिंबाच्या सालीतलं तेल लागलं तरी ते विरघळतं.

त्यापेक्षा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा डबा बरा. तो १६० अंशांच्या आसपास वितळतो, स्टायरीनचा प्रश्नच येत नाही, आणि धुऊन परत वापरता येतो, माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा. मात्र 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, तापवल्यावर त्यातूनही प्लास्टिकचे बारीक कण सुटतात. गरम पदार्थ भरा, पण तापवायचा असेल तर काचेच्या भांड्यात काढून घ्या.

कागदाचं बघून बरेच जण फसतात. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो नुसता कागद म्हणून रिसायकल होत नाही. उसाच्या चिपाडाचे वगैरे डबे चांगले, पण तेल झिरपू नये म्हणून काहींमध्ये पीएफएएस नावाची रसायनं घातलेली असतात, जी निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. डेन्मार्कने २०२० मध्ये अन्नाच्या कागदी पॅकिंगमध्ये त्यांच्यावर बंदी घातली. घाऊक माल घेताना 'पीएफएएस नाही' असं लेखी मागा, सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरा माल बघा.

आता कचऱ्याचं. थर्माकोलची बाजू घेणारे म्हणतात की त्याला कच्चा माल कमी लागतो, आणि ते खरंय. पण अडचण वापर झाल्यावर सुरू होते, गोळा करायचा तर गाडीभर हवाच वाहून न्यायची, वर अन्नाने माखलेला, म्हणून रिसायकलिंग परवडत नाही, मग तो उघड्यावर पडतो, त्याचे मणी सुटे होतात, वाऱ्याने गटारात, नदीत, समुद्रात जातात, मासे आणि पक्षी ते गिळतात, आणि एकदा मणी सुटले की ते कुणालाच वेचता येत नाहीत. जाळला तर काळाकुट्ट धूर आणि त्यात पुन्हा स्टायरीन, हे कृपा करून कुणी करू नका! युरोपियन युनियनने जुलै २०२१ पासून खाण्यापिण्याचे थर्माकोलचे एकदाच वापरायचे डबे आणि कप बंद केले ते याच कचऱ्यामुळे. पीपीचा डबा फेकला तर तोही वर्षानुवर्षं राहतोच, फक्त असा चुरा होऊन लगेच उडत नाही.

स्टील सगळ्यात चांगलं, पण भांडी परत येणार असतील तरच, कारण ते बनवायला ऊर्जा भरपूर लागते आणि ती वसूल व्हायला एकच डबा खूप वेळा वापरावा लागतो. गिऱ्हाईक ठरलेलं असेल तर स्टील, नाहीतर पीपी आणि सोबत धुऊन वापरा अशी चिठ्ठी, आणि तेलकट नसलेल्या कोरड्या पदार्थांना चिपाडाचे डबे, असं मी ठरवेन.

घेताना डब्याच्या तळाचा त्रिकोणातला आकडा बघा, ५ म्हणजे पीपी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. कपांची झाकणं वेगळी तपासा, कागदी कपावरचं कडक झाकण बऱ्याचदा ६ नंबरचंच निघतं आणि ओठ नेमके तिथेच लागतात.