रत्नागिरीचे कॅसेटवाले काका: भाव सांगतात, माल घेत नाहीत

आधी कामाचं सांगते. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट तपासून भाव सांगणाऱ्या काकांचं दुकान रत्नागिरीत, मारुती मंदिरच्या सर्कलपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका टेलरच्या मागच्या गाळ्यात. पाटी नाही. दारात उघडून ठेवलेले मिक्सर आणि आत पाठ फुगलेला डबा टीव्ही दिसला की पोचलात. दुपारी एक ते साडेचार बंद, आणि हे साडेचार म्हणजे पाच. पैसे रोख. एक कॅसेट उघडून, साफ करून, टीव्हीवर चालवून बघायचे पन्नास रुपये. पोटापाण्याचं काम मिक्सर-इन्व्हर्टरचं, जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट हा काकांचा नाद.

मी चिपळूणची. माझ्याकडे अकरा कॅसेट होत्या, बहुतेक नव्वदच्या आसपास मुंबईहून आणलेल्या, दोन-तीन मामाने दिलेल्या. मामा बोटीवर होता, जपानला जाऊन-येऊन असायचा. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा त्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत होत्या. चिखल उपसल्यावर आईने सगळ्या नळाखाली धुतल्या आणि ऊन पडेल तसतशा पडवीत पापडासारख्या वाळत घातल्या. मला वाटलं, संपलं.

आता गंमत बघा. त्याच जुलैत, पुराच्या दहा-बारा दिवस आधी, अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली होती. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपये. हे मला कळलं परवा, भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओतून. ‘तुमच्या माळ्यावर कोटींचा मारिओ आहे का?’ खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी ट्रंक उघडली. इंटरनेटवरच्या एका खरेदीदाराला फोटो पाठवले, त्याने पाच मिनिटांत ‘सगळ्या मिळून दोन हजार, आजच’ असं कळवलं. एवढी घाई बघून माझा लोभ आणखी वाढला. मग ओळखीतून या काकांचा पत्ता मिळाला आणि एसटीने, हायवेच्या कामाच्या कृपेने तीन तासांत, रत्नागिरी गाठली.

काकांनी अकराही कॅसेट टेबलावर मांडल्या आणि पहिला प्रश्न केला, “ताई, विकायच्यात की बघायच्यात?” म्हटलं, बघू. “मी घेणार नाही, हे आधीच सांगतो. भाव सांगणाऱ्याने माल घेऊ नये.” त्या लिलावांनंतर अमेरिकेतही हाच वाद झाला म्हणे: दर्जाचा शिक्का मारणारे आणि लिलाव करणारे एकमेकांच्या किती जवळचे? २०२२ मध्ये प्रकरण कोर्टातही गेलं. काकांना हे सगळं ठाऊक होतं.

मग उघडाउघडी. सात कॅसेट तर त्यांनी उघडायच्या आधीच बाजूला सारल्या. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलीही त्यातच. आत गेम पाच-सहाच, तेच वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे, हे आम्हाला लहानपणीही कळलं होतं, पण आकडा वाचून छाती फुगायची. तरी पैसे घेतलेत तर काम करायचं म्हणून त्याही उघडल्या. प्रत्येकीत हिरव्या बोर्डावर काळा, डांबराच्या थेंबासारखा गोळा. “ही नक्कल. बहुतेक अस्सल कॅसेटमध्ये नीट पाय असलेल्या आयसी, म्हणजे चिप, दिसतात, अंगावर नंबर छापलेले. साधारण एकीत प्रोग्राम, दुसरीत चित्रं.” हे नव्हतं माहीत. आपल्याकडे नकला इतक्या का चालल्या तेही सांगितलं. निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉम या गेम मशीनमध्ये कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी चिपच नव्हती, ती पुढे अमेरिकेतल्या मशीनमध्ये आली. म्हणून फॅमिकॉमची नक्कल करणं सोपं, आणि आपण खेळलो ते बहुतेक नकली मशीनवर नकली कॅसेट घालून. मला जरा वाईट वाटलं. “खेळ तर खरा खेळलात ना,” म्हणत काकांनी पुढची उचलली.

माझी सगळी भिस्त काँट्रा या गोळीबाराच्या गेमवर होती. व्हिडिओत सांगितलं होतं की जपानी काँट्रात पहिल्याच लेव्हलला झाडांची पानं हलतात, अमेरिकेतल्यात नाहीत. काकांनी कॅसेट लावली. माझ्या हातात रिमोट आला आणि बोटांनी मला न विचारता वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबलं. लहानपणची ती गुप्त खूण लागली, तीस लाइफ! आणि पानं हलत होती. मी जवळजवळ ओरडलेच. काकांनी शांतपणे टीव्ही बंद केला, कॅसेट उघडली. आत काळा थेंब. “पानं हलली म्हणजे नक्कल जपानी काँट्राची केलीय, एवढंच. आंब्याच्या पेटीवर देवगड छापलं की आतला कर्नाटक देवगडचा होतो का?” रत्नागिरीच्या माणसाने देवगडचं उदाहरण द्यावं, म्हणजे विषय गंभीरच.

अस्सल निघाल्या दोन, दोन्ही मामाच्या. एक पिवळी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, लेबलवर एचव्हीसी-एसएम असा कोड. तिला स्क्रू नाही, खाचांवर बसवलेली. काकांनी जुन्या एटीएम कार्डाची कड सरकवून टचकन उघडली. पिना कळकलेल्या, तांब्याच्या भांड्यासारख्या हिरवट. आम्ही खोडरबर घासायचो तो तर त्यांनी दुकानात ठेवलेलाच नाही. म्हणाले, त्याने वरचा सोन्याचा मुलामा जातो. कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये (आयसोप्रोपिल) बुडवून एकेक पिन पुसली, साठच्या साठ. फुंकर मारायची आपली पिढीजात पद्धत त्यांना अजिबात खपत नाही. कोकणच्या हवेत आधीच मीठ, वर आपल्या तोंडाची वाफ, मग पिना कळकणार नाहीत तर काय! पुसल्यावर मारिओ लागला. पूर आणि आईचा नळ, दोन्ही पचवून.

किंमत? हजार-बाराशे, तेही शौकीन भेटला तर. १९८५ चा हा गेम जगभरात चार कोटींच्या घरात खपलाय. दुसरी ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’, १९८८ ची. अस्सल, पण एकट्या जपानात पस्तीस लाखांच्या वर खपलेली. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे सेव्ह होत नाही, आणि अक्षर सगळं जपानी. “जुनं वेगळं, अस्सल वेगळं, दुर्मिळ वेगळं,” काका म्हणाले. १९८७ ची ‘झेल्डा’ गेमची सोनेरी कॅसेट लोक रंग बघून जपून ठेवतात, पण ती लाखांनी खपली. उलट निन्टेन्डोच्या १९९० च्या स्पर्धेसाठी काढलेल्या कॅसेट फक्त ११६: नव्वद राखाडी, सव्वीस सोनेरी. दुर्मिळ म्हणतात ते याला.

भाव कसा बघायचा तेही मोबाइलवर दाखवलं. लोकांनी काय मागितलंय ते बघायचं नाही, कितीला विकली गेली ते बघायचं. आणि अमेरिकेतल्या बहात्तर पिनांच्या राखाडी कॅसेटचा भाव आपल्या साठ पिनांच्या कॅसेटला लावायचा नाही. मी नेमकी तीच चूक केली होती. शिवाय खोका आणि पुस्तिका नसेल तर भाव निम्म्याच्याही खाली. आमचा खोका कसरीने कधीच फस्त केलाय.

आता तक्रार. दुकानातल्या पोराने कॅसेटना नंबर देताना मारिओच्या लेबलवरच डिंकाची चिठ्ठी चिकटवली. काढताना लेबलचा कोपरा तिच्याबरोबर आला. पुरात टिकलेलं लेबल पन्नास रुपयांच्या सेवेत फाटलं! काका पोराला काही बोलले नाहीत, मलाच म्हणाले, “दोनशे रुपये उतरली ती, माझ्याच दुकानात.” मारिओचे पैसे घेतले नाहीत, माझे पाचशेच झाले. प्रामाणिकपणा मान्य, पण कोपरा गेला तो गेला. तुम्ही जाल तेव्हा नंबर वेगळ्या पिशवीवर टाकायला सांगा आणि समोर उभे राहा.

ड्रॅगन क्वेस्टची बॅटरी बदलायला तिथेच ठेवून आले. सीआर२०३२, कुठेही मिळते, पण ती पाती झाळून बसवलेली असते म्हणून हे काम त्यांनाच दिलं. ‘आठ दिवसांत’ म्हणाले होते, आता चौथा आठवडा. बाकीच्या दहा स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून निघालेल्या सिलिकाच्या पुड्या घालून, वरच्या मजल्यावर ठेवल्यात. जाण्याआधी फोन करा असं सांगितलं असतं, पण काका फोन उचलत नाहीत.