मन बिघडलंय: आधी उपकेंद्रातली सिस्टर की थेट रत्नागिरी?

आईला झोप नाही, मुंबईहून परतलेला भाऊ खोलीबाहेर येत नाही. न्यायचं कुठे, गावच्या आरोग्य उपकेंद्रात की रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात? राजापूरकडच्या आमच्या वाडीत हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे.

आईची छाती धडधडायची म्हणून आम्ही तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. ईसीजी नीट आला, झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि त्या आठ महिने चालल्या. पुढे ती बीपी तपासायला उपकेंद्रात गेली. पट्टा सोडता सोडता सिस्टरने विचारलं, "काकी, गेले दोन आठवडे कशात मन लागतंय का?" आई त्या पट्ट्याकडे बघत राहिली आणि रडायलाच लागली. सिस्टरने मग नऊ प्रश्नांची यादी काढली. झोप, भूक, थकवा आणि शेवटी मरणाचे विचार. तो प्रश्नही तिने गाळला नाही. विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. गोळ्या एकदम बंद करू नका, हेही तिनेच बजावलं आणि आईला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवलं.

उदासी, धास्ती, दारूचा त्रास, बाळंतपणानंतरचं रडू यांसाठी म्हणूनच मी आधी सिस्टरकडे जा म्हणेन. औषध ती सुरू करत नाही, बदलत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण नैराश्याच्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक गोळ्या सोडतात. आमची सिस्टर आईची पाकिटं टेबलावर मांडून उरलेल्या गोळ्या मोजायची. रत्नागिरीचे डॉक्टर दर आठवड्याला हे कसं करणार?

सिस्टरकडे जाण्यात एक अडचण खरी आहे. उपकेंद्रात कोण कशाला आलं ते संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. बीपीचं निमित्त काढून जा, आणि बाकावर माणसं असतील तर आत बसून बोलू म्हणून सांगा. ती ऐकते.

माणूस नसलेले आवाज ऐकत असेल, दिवसेंदिवस झोपेविना सुसाट बोलत असेल, जिवाचं बरंवाईट करायचं ठरवून बसला असेल, तर मात्र उपकेंद्रात वेळ घालवू नका. बाळंतीण पहिल्या काही आठवड्यांत अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागली, तर तीसुद्धा तातडीचीच. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक आहे, तिथे ओपीडीही चालते. नावाची भीती वाटते, मलाही वाटायची. पण ओपीडीत दाखवणं म्हणजे दाखल करणं नव्हे. खर्च होतो तो एसटीचा आणि बुडालेल्या रोजाचा. म्हणून निदान तिथे आणि पुढची देखरेख सिस्टरकडे, अशी वाटणी करता येते. तिथली चिठ्ठी तिला दाखवायला विसरू नका.

फोनचा पर्याय म्हणजे टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही. रात्री दोनला घरात कुणी हंबरडा फोडला तर हाच जवळचा. फक्त आमच्यासारख्या डोंगराळ वाडीत रेंज धरायला अंगणाच्या टोकाला जावं लागतं, तेवढी जागा आधीच बघून ठेवा.