रंग मिसळायला एचएसव्ही घ्यायचं की ओकेलॅब (दोन्ही रंग आकड्यांत मांडायच्या पद्धती)?

सध्या इंदूरच्या गेरवर, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीवर, छोटा गेम करतोय, राजवाड्यासमोरची गर्दी, रंगपंचमीचा गुलाल, आणि जसजसा रंग पडेल तसतसा पांढरा कुर्ता रंगत जातो, म्हणजे सगळा खेळच रंग मिसळण्यावर आहे. साधा आरजीबी लर्प, म्हणजे लाल-हिरवा-निळा हे 0 ते 255 मधले आकडे सरळ प्रमाणात मिसळणं, लगेच बाद झाला, निळा-पिवळा मिसळला की बरोब्बर मध्यावर 128, 128, 128, म्हणजे निव्वळ राखाडी. गेरमध्ये राखाडी कोण उडवतं!

मग उरले दोन. एचएसव्ही म्हणजे ह्यू (रंगाची छटा, 360 अंशांच्या वर्तुळावर), सॅच्युरेशन (रंग किती भरलेला) आणि व्हॅल्यू (किती उजळ); लिहायला सोपं, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार फंक्शन आहे, आणि रंग शेवटपर्यंत झणझणीत राहतात. हेल्थ बार हिरव्याकडून लालकडे नेताना मधे खणखणीत पिवळा हवा असेल तर माझ्या मते तेच घ्यावं.

पण पांढऱ्याचं काय? पांढऱ्याला ह्यू नसतो, कोड मात्र तिथे शून्य ठेवतं, म्हणजे लाल. निळा 240 वर, जवळच्या वाटेने गेलं की अर्ध्यावर 300 येतो, आणि कुर्ता आधी 255, 128, 255 असा गुलाबी होऊन मग निळा होतो. अहो, गुलाबी कोणी टाकलाच नाही! सॅच्युरेशन शून्य असेल तर समोरच्याचा ह्यू घ्या, हा उपाय सगळे सांगतात, तो चालतोही, पण शुभ्र पांढऱ्यालाच. माझा कुर्ता 250, 250, 245, जेमतेम 2 टक्के सॅच्युरेशन, तरी ह्यू 60, निळ्याच्या बरोब्बर समोर, की लागला हिरवट व्हायला. इथेच माझं मन उडालं.

ओकेलॅब ब्यॉर्न ओट्टोसनने 2020 च्या डिसेंबरमध्ये मांडलं, त्यात रंग म्हणजे एक उजळपणा आणि दोन रंग-अक्ष. दोन मॅट्रिक्स आणि मधे घनमूळ, बस. आधी एसआरजीबीचं (स्क्रीनच्या नेहमीच्या रंग-आकड्यांचं) लिनियर, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात, करून घ्यायचं, हे गाळलं तर सगळंच बिघडतं, आणि परत आल्यावर क्लॅम्प, म्हणजे हद्दीबाहेर गेलेले आकडे हद्दीत आणायचे. यात ह्यूचा कोनच मिसळत नाही, पांढरा म्हणजे दोन्ही रंग-अक्ष शून्य, तिथून निळ्याकडे सरळ वाट, क्रीम कुर्ताही गुमान निळा होतो. गणित थोडं जड आहे खरं, पण मी मिसळलेल्या रंगांची 256 पिक्सेलची पट्टी आधीच बनवून ठेवतो, जुन्या लॅपटॉपवरही काही अडलं नाही.

निळ्या-पिवळ्याचा हिरवा मात्र ओकेलॅबही देत नाही, मळकटच येतो. खऱ्या रंगद्रव्यासारखं हवं असेल तर कुबेल्का-मुंक हे रंगद्रव्यांचं गणित बघा, 1931 चं आहे, तो वेगळाच अभ्यास. आणि प्लेयरला गुलाल निवडायचा स्लायडर मी एचएसव्हीतच ठेवलाय, तिथे ते अजूनही सोयीचं वाटतं.