लाक्विला-सुल्मोना एकदिवसीय सहल: कबर पाहिली, गुहा राहिली

पोप सेलेस्टाइन पाचवे यांच्या नावाने रोमहून निघणाऱ्या या मार्गदर्शित सहलीने सकाळी जेवढे समाधान दिले, तेवढीच दुपारी चुटपुट लावली.

लाक्विलाची सांता मारिया दि कोल्लेमाज्जो बॅसिलिका वाटाड्याने मनापासून दाखवली. गुलाबी-पांढऱ्या दगडांच्या दर्शनी भिंतीसमोर त्याने सांगितले की, पोप निकोलस चौथे वारल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ नवा पोप निवडणाऱ्या कार्डिनलांचे एकमत होईना, तेव्हा ५ जुलै १२९४ रोजी त्यांनी मोर्रोने डोंगरावरच्या, ऐंशीच्या आसपास वय असलेल्या पिएत्रो या तपस्व्याला पोप निवडले; तोच सेलेस्टाइन पाचवा. तो गाढवावर बसून या नगरात आला आणि २९ ऑगस्टला इथेच त्याला पोपचा मुकुट चढवण्यात आला. आत काचेच्या पेटीत, चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा चढवलेले त्याचे अवशेष आहेत. २००९ च्या भूकंपात छताचा मोठा भाग कोसळूनही ते वाचले आणि त्याच महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपले पॅलियम (खांद्यावरची लोकरी पट्टी) तिथे अर्पण केले. पुढे २०१३ मध्ये सेलेस्टाइन यांच्याप्रमाणे त्यांनीही पद सोडले, हे ठाऊक असल्याने त्या पेटीपाशी पाय रेंगाळतो.

पदत्यागाची हकिगत मात्र घाईत उरकली गेली. नेपल्सच्या किल्ल्यात राजा दुसऱ्या चार्ल्सच्या कह्यात राहून, तिथेही स्वतःसाठी लाकडी खोपी बांधून घेणाऱ्या या माणसाने, पोपला पद सोडता येते असा निर्णय आधी जाहीर केला आणि मग १३ डिसेंबरला मुकुट उतरवला, हा सगळा तपशील गाळून ‘नंतर ते आपल्या गुहेत परतले’ एवढेच सांगणे अपुरे आहे. त्यांच्या जागी आलेल्या बोनिफेस आठवे यांनी त्यांना फुमोनेच्या किल्ल्यात डांबले आणि १२९६ च्या मे महिन्यात ते तिथेच वारले.

खरी तक्रार मोर्रोनेच्या पायथ्याच्या सुल्मोना गावाची आहे. साखरेत घोळवलेल्या बदामांची फुले विकणाऱ्या दुकानात पाऊण तास गेला आणि निवडीची वार्ता घेऊन दूत तपस्व्याची गुहा असलेल्या ज्या सांत'ओनोफ्रिओच्या कड्यावर चढून गेले, तो आम्हाला बसच्या खिडकीतून बोट दाखवून दाखवण्यात आला. माहितीपत्रकात ‘तपस्व्याच्या गुहेला भेट’ असे ठळक छापलेले असताना चढणीसाठी अर्धा तासही राखून न ठेवणे मला पटलेले नाही. ज्यांना गुहाच पाहायची आहे, त्यांनी सुल्मोनापर्यंत रेल्वेने जावे आणि चढणीचे बूट बरोबर घ्यावेत.