स्टील गर्डरच्या पुलाला जॉइंट ठेवायचा की नाही?

60 मीटर लांबीचा स्टील गर्डरचा (म्हणजे लांब तुळयांचा) पूल धरा. तापमान एका अंशाने वाढलं की तो साधारण 0.72 मिलिमीटर लांबतो. आयआरसी 6 या भारतीय पूल-संहितेप्रमाणे धातूच्या पुलासाठी सावलीतल्या कमाल तापमानात 15 अंश मिळवायचे आणि किमान तापमानातून 10 वजा करायचे. विदर्भात 47 आणि 5 धरले, तर फरक 67 अंशांचा आणि हालचाल 48 मिलिमीटर. कोकणात 37 आणि 12 धरले, तर 50 अंश आणि 36 मिलिमीटर. पूल हलणारच, कुठे हलू द्यायचा, एवढंच आपण ठरवतो.

जॉइंटवाल्या पुलात टोकाला हालचालीसाठी खाच (जॉइंट) सोडतात आणि गर्डर बेअरिंगवर, म्हणजे त्याच्या टोकाखालच्या सरकत्या आधारावर, सरकतो. हिशेब सोपा, पाया कसाही चालतो. पण खाचेत खडी-माती बसते, रबरी सील फाटतं आणि पावसाचं पाणी थेट गर्डरच्या टोकावर गळतं. पुलाखाली उतरून वर पाहा: मधला गर्डर ठणठणीत, टोकाला मात्र गंजाचे पापुद्रे. बेअरिंग गंजून जाम झालं की हा पूल बिनजॉइंटचाच होतो, फक्त त्याचं डिझाइन तसं केलेलं नसतं. स्टीलच्या बाबतीत जॉइंट टाळायचं माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत तर नक्कीच.

बिनजॉइंटच्या, म्हणजे इंटिग्रल पुलात गर्डरची टोकं अबटमेंटच्या (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीच्या) काँक्रीटमध्येच पक्की करतात. मग हालचाल अबटमेंट, पाइल (जमिनीत खोल गेलेले पायाचे खांब) आणि भिंतीमागच्या मातीच्या भरावावर येते. उन्हाळ्यात भिंत भरावाला रेटते. थंडीत ती भरावापासून दूर सरली की सुट्या भरावाचे कण त्या फटीत उतरतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात दाब आणखी वाढलेला असतो. वरचा रस्ता खचतो, म्हणून अप्रोच स्लॅब (रस्ता आणि पूल यांना जोडणारी काँक्रीटची लादी) लागतोच.

खरी मेख पुलाच्या पायात आहे. 40 अंशांची वाढ पूर्ण अडवली, तर गर्डरमध्ये सुमारे 96 मेगापास्कल ताण येतो, म्हणून पाया वाकणारा हवा. अमेरिकेत त्यासाठी एच आकाराच्या स्टील पाइलची एकच रांग ठोकतात. आपल्या पठारावर बऱ्याच ठिकाणी कातळ वरच लागतो, आणि त्यावरचा उघडा (पाइलशिवाय थेट टेकवलेला) पाया ताठ असतो. तिथे मी सेमी-इंटिग्रल निवडेन: बेअरिंग राहतं, पण डेकवरचा (पुलाच्या वरच्या स्लॅबवरचा) जॉइंट भरावाच्या बाजूला जातो, म्हणजे गळकं पाणी स्टीलवर पडत नाही.

ब्रिटनच्या 1996 च्या मार्गदर्शिकेत 60 मीटरपर्यंत लांबी आणि 30 अंशांपर्यंत स्क्यू (तिरकेपणा) असेल, तर इंटिग्रल पूल सुचवला होता. त्यापेक्षा लांब किंवा जास्त तिरका पूल असेल, तर जॉइंट ठेवा आणि बेअरिंग बदलता येईल अशी जागा सोडा.

इंटिग्रल ठरलाच, तर टोकांचं काँक्रीट मे महिन्याच्या दुपारी ओतू नका. गर्डर तेव्हा पुरता लांबलेला असतो आणि थंडीतलं सगळं आकुंचन पाइलवर येतं. स्टीलचं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ असेल अशी वेळ कंत्राटातच लिहून घ्या.