नळी उतरवलीच नाही, मजुरी मात्र घेतली

वडिलांच्या पश्चात माझ्या परवान्यावर आलेल्या पॉइंट टू-टू ब्रनो रायफलीच्या ब्लूइंगसाठी (पोलादावर गंजरोधक निळसर-काळा थर चढवण्यासाठी) मी एका परवानाधारक कारागिराला १८,५०० रुपये मोजले: ब्लूइंगचे १२,०००, नळी उतरवून पुन्हा बसवण्याचे ४,५०० आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाच्या कडेसाठी राहणारी जागा) तपासणीचे २,०००. हा आकडा लिहितानाही लाज वाटते.

मी अगदीच अडाणी होतो असे कोणी समजू नये. नळी का उतरवायची, हे मी विचारले होते आणि त्याने दिलेले कारण खोटे नव्हते. गरम ब्लूइंगचे कॉस्टिक मिश्रण १४० अंशांच्या आसपास उकळते, ते नळी व रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो मागचा भाग) यांच्या सांध्यात शिरले तर पुढे कित्येक दिवस तेथून पांढरे क्षार झिरपत राहतात. नळी परत बसवल्यावर काडतुसाच्या कडेपुरती जागा बरोबर आहे ना, हेही तपासावेच लागते. हे सारे मी वाचलेले होते आणि नेमका त्यामुळेच फसलो. अर्धवट जाणकार गिऱ्हाइकाला त्याचेच ज्ञान परत विकणे सर्वांत सोपे असते.

रायफल परत घेताना मी सांध्यावरून अंगठा फिरवला होता. वर्षानुवर्षांच्या तेलाने घट्ट झालेली मळाची काळी रेघ तेथे अखंड होती. नळी एक सूतभर जरी फिरली असती, तरी ती रेघ तुटली असती, आणि रायफल उकळत्या कॉस्टिकमध्ये बुडाली असती, तर ती उरलीच नसती. मी ती पाहिली, वर "सांधा किती बेमालूम बसला आहे" असे त्याचे कौतुकही केले! देण्यापूर्वी सांध्याचे जवळून फोटो काढा आणि परत घेताना दुकानातच दस्ता उतरवायला लावा. मी तो जुलैत घरी उतरवला, तेव्हा नळीच्या खालच्या अंगाला जुना तांबूस गंज तसाच होता आणि वर नुसता फडक्याने चोळून लावलेला थंड ब्लूइंगचा थर पावसाळी हवेने तपकिरी पडू लागला होता.

याहून वाईट म्हणजे बफिंगमध्ये (चाकावर घासून चकाकी आणताना) नळीवरील क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे जवळजवळ पुसले गेले होते. पोलीस ठाण्यात पहिल्या दोन खेपांना हा दिवाणी वाद असल्याचे ऐकवले गेले. तिसऱ्या खेपेस भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ लिहूनच नेले, तर अधिकाऱ्यांनी फसवणूक बाजूला ठेवून क्रमांक कोणी घासला, असे मलाच विचारले. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार क्रमांक पुसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात असते, त्यानेच तो पुसला असे गृहीत धरले जाते. म्हणजे तक्रारदार मी आणि खुलासाही मीच द्यायचा. परवाना शाखेने पोलिसांकडे बोट दाखवले, पोलिसांनी परवाना शाखेकडे. पावती मागितली, तर तिच्यावर "दुरुस्ती" एवढा एकच शब्द आणि रक्कम. प्रत्येक कामाची मजुरी व शस्त्राचा क्रमांक पावतीवर आल्याशिवाय पैसे देऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून तेथे गेलो. वकिलांनी तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय आणायला सांगितले. दुसऱ्या कारागिराने भिंगातून ती रेघ पाहिली, नळी कधीच हललेली नाही असे छातीठोकपणे सांगितले आणि तेच कागदावर लिहून मागताच माझ्यासाठी चहा मागवला.